बार्टुलची जाळी, येर्कोचे गोल

मित्रांनो, गोल झाला की तुम्ही कुणाकडे बघता? मारणाऱ्याकडे. मग गोलरक्षकाकडे, मग पंचाकडे, आणि मग शेजारच्याच्या पाठीत धपाटा घालता. पण चेंडू जिच्या कुशीत जाऊन पडतो, तिच्याकडे कुणी बघतं का? नाही ना? मग आज जरा बघा. मी ती. लोक्वा गावच्या मैदानावरची गोलची जाळी. आता जुनी झाले आहे, काळवंडले आहे, कुठे कुठे उसवले आहे. आणि नाक जवळ आणलंत तर मला अजूनही माशांचा वास येतो. नाक मुरडू नका हं! त्या वासाचा मला अभिमान आहे.

कारण मी दुकानातून आलेली नाही. मला बार्टुल कोळ्यानं विणलं, मासे धरायच्या दोऱ्यानं, स्वतःच्या हातानं. आणि बार्टुल म्हणजे येर्कोचा बाप. येर्को कोण, हे आमच्या बेटावर शेंबड्या पोरालाही विचारा. पुढे ज्यानं नव्या देशाचा लाल-पांढऱ्या चौकटींचा शर्ट अंगात घातला, तो आमचा येर्को.

माझा जन्म एका भांडणातून झाला. तेव्हा आमच्या मैदानावर नुसते खांब होते. मागे दगडी बांध आणि बांधापलीकडे ऑलिव्हची झाडं. येर्को असेल बाराएक वर्षांचा. शेजारच्या गावाशी सामना होता. त्यानं डाव्या पायानं असा काही चेंडू हाणला की तो खांबाला चाटून गेला, बांधावर आपटला आणि काट्यांत गडप झाला. येर्को नाचायला लागला. पण पाहुणे म्हणाले, बाहेरून गेला. पंच त्यांच्याच गावचा. तोही म्हणाला, बाहेरून.

"आतून गेला! मी बघितलाय!" येर्को ओरडला.

"कोळ्याचं पोर ना तू?" पाहुण्यांचा कप्तान म्हणाला. "तुमचे मासे पण बोलण्यातच मोठे असतात!"

सगळे हसले. आपल्या गावचेसुद्धा हसले, आणि ते येर्कोला जास्त लागलं. मैदानाला लागून विंका तेताचं कॉफीचं दुकान आहे. तेता म्हणजे मावशी, पण ती सगळ्या गावाचीच तेता. ती हा किस्सा अजून रंगवून सांगते, मी तिच्याकडूनच ऐकला. येर्को रडत घरी गेला आणि बापाला म्हणाला, "ताता, ते मला खोटारडा म्हणाले." बार्टुल जेवत होता. त्यानं माशाचा काटा ताटाच्या कडेला ठेवला आणि विचारलं, "तुला दिसला आत जाताना?"

"दिसला."

"मग जेव."

संपलं! बार्टुल एवढंच बोलायचा. त्याला आई नसलेलं पोर वाढवता येत होतं, पण त्याच्याशी बोलता येत नव्हतं. येर्कोला वाटलं, बापालाही आपलं खरं वाटलं नाही.

त्या हिवाळ्यात उत्तरेचं वारं असं सुटलं की होड्या धक्क्यालाच बांधून राहिल्या. घराच्या तळखोलीत बसून बार्टुलनं मला विणायला घेतलं. पाइनच्या सालीच्या पाण्यात मला उकळून काढलं, मी कुजू नये म्हणून. मला विणताना तो माझ्याशी मात्र बोलायचा. "माझ्या पोराला खोटारडा म्हणतात," तो पुटपुटायचा. "आता बघू कोण म्हणतो ते." हे त्यानं येर्कोला सांगायला हवं होतं ना? पण सांगितलं मला!

दोरा एकाच बाजूला पुरला. म्हणून कित्येक वर्षं लोक्वाच्या मैदानावर एका गोलला जाळी आणि दुसरा उघडाबोडका, असा थाट होता. नाणेफेकीला पाहुणे बाजू निवडताना वैतागून जायचे.

बार्टुलनं मला खांबांना बांधलं तेही मासे धरायच्या जाळ्यासारखं. सैल. ओढून ताणून अजिबात नाही. त्यामुळे माझ्यात आलेला चेंडू परत उसळायचा नाही. तो माझ्या पोटात शिरायचा आणि तिथेच निवांत पडून राहायचा, आजीच्या मांडीवर झोपलेल्या नातवासारखा. बाकीची पोरं तो हिसका मारून काढायची. येर्को मात्र वाकून, माझ्या दोऱ्यांमधली घरं न ताणता, हळूच काढायचा. जाळ्यातला मासा असाच सोडवतात.

शेवटची गाठ मारून झाल्यावर बार्टुलनं माझ्याकडे पाठ फिरवली आणि तो मागे न बघता निघून गेला. मित्रांनो, इथेच सगळी गोम आहे. आमच्या बेटावरच्या कोळ्यांची एक जुनी समजूत आहे. जाळं पाण्यात सोडलं की त्याच्याकडे पाठ करायची. बघत बसलं की जाळ्याला नजर लागते, मासा येत नाही. आणि ही गोष्ट तोंडानं बोलायची नाही, बोललं की तिचा गुण जातो. बार्टुलच्या बापानं हे पाळलं, आजोबानं पाळलं. आणि बार्टुलच्या लेखी मीही जाळंच होते.

तरी एकदा त्याला राहवलं नाही. येर्को पंधरा-सोळाचा होता, सामना मोठा होता, मुख्य भूमीवरच्या स्प्लिट शहरातून मोठ्या क्लबचा माणूस पोरं हेरायला आला होता. बार्टुल हळूच येऊन कॅरोबच्या झाडाखाली उभा राहिला. येर्कोनं त्याला बघितलं आणि त्याचा चेहरा असा उजळला म्हणून सांगू! बाप पहिल्यांदा आला होता!

पण पोराचे पाय जड झाले. पहिला फटका वरून गेला. दुसरा खांबाला लागला. मग पेनल्टी मिळाली. येर्कोनं झाडाकडे एकदा बघितलं, धावत आला, आणि चेंडू थेट विंका तेताच्या टेबलावर! कपबशा खळ्ळकन फुटल्या.

"अरे मेल्या, गोल तिकडे आहे!" तेता ओरडली. "माझ्या कपांनी तुझं काय घोडं मारलंय?"

सगळं मैदान हसलं. येर्को हसला नाही. त्यानं मान वर करून झाडाकडे बघितलं, तर त्याला बापाची पाठ दिसली. बार्टुल निघून चालला होता. त्याचं तोंड पांढरंफटक पडलेलं मी बघितलं होतं. आपलीच नजर लागली, असं त्याला वाटत होतं. तो चर्चच्या भिंतीआड जातो न जातो तोच येर्कोनं डोक्यानं चेंडू माझ्यात धाडला, आणि पाठोपाठ अजून एक. भिंतीपलीकडे बार्टुलनं तो गलका ऐकला असणार. झालं! त्याची खात्रीच पटली.

आणि येर्कोची? पेनल्टी हुकली म्हणून बाप लाजून निघून गेला, अशी येर्कोची खात्री पटली.

दोघांच्या मध्ये मी होते. मला दोन्ही बाजू माहीत होत्या. पण जाळीला भोकं असतात, तोंड नसतं.

बार्टुल नंतर कधी सामन्याला आला नाही. पण सोमवारी सकाळी, मैदान रिकामं असताना, तो लाकडी सुई आणि दोरा घेऊन यायचा आणि मला शिवायचा. कोळ्याला फाटलेल्या जाळ्यावरून कळतं की आत काय शिरलं होतं, मोठा मासा होता की डॉल्फिन की नुसता दगड. तसं तो माझ्यावरून बोट फिरवत येर्कोचा सामना वाचायचा. "हा डाव्या पायाचा," तो म्हणायचा. "वरच्या कोपऱ्यात. वा रे पठ्ठ्या. आणि हा जमिनीलगतचा... हा गोलरक्षकाच्या पायांतून गेलेला दिसतोय!" असा एकटाच हसायचा. मला त्या सोमवारांची इतकी सवय झाली की रविवारी येर्कोनं जोरात मारावं, माझ्या दोन-चार गाठी तुटाव्यात, असं मला मनापासून वाटायचं.

मग येर्को स्प्लिटला गेला. फेरीबोटीवर चढताना त्यानं बापाला विचारलं होतं, "ताता, तिथे तरी याल ना बघायला?" बार्टुल म्हणाला, "होडी कोण सांभाळणार?" हे विंका तेतानं धक्क्यावर ऐकलं आणि दिवसभर दुकानात बार्टुलला शिव्या घातल्या.

येर्कोचा शहरातला पहिला सामना आम्ही तेताच्या रेडिओवर ऐकला. तिथल्या जाळ्या ढोलासारख्या ताणलेल्या! येर्कोनं चेंडू मारला, तो गोलमध्ये गेला आणि मागच्या जाळीवर आपटून परत त्याच्या पायाशी आला. आता माझ्याकडे वाढलेल्या पोराला काय ठाऊक, की जाळी चेंडू परत फेकते? त्याला वाटलं, खांबाला लागला. त्यानं पुन्हा मारला! त्याचे साथीदार तिकडे मिठ्या मारायला धावतायत, आणि हा झालेला गोल परत करतोय! निवेदक हसून हसून गुदमरला. त्या दिवसापासून येर्कोचं नाव पडलं 'दोनदा'. लोक प्रेमानं म्हणायचे, पण त्याला ते सलायचं. आपण बेटावरचे अडाणी ठरलो, असं त्याला वाटायचं.

सोमवारी बार्टुल आला तो तणतणत. "मूर्ख आहेत सगळे. जाळं कधी ओढून बांधतात का?"

पुढची वर्षं भराभर गेली. देशात लढाई झाली, होड्यांना समुद्रात जायला बंदी आली, झेंडा बदलला. येर्कोचं नाव होत गेलं. तो बेल्जियमला खेळायला गेला. उन्हाळ्यात घरी यायचा, येताना बापाला उंची कोट, घड्याळ आणायचा. दोघं अंगणात बसून हवापाण्यावर बोलायचे. "वारं फिरलं." "हो, फिरलं." बस! येर्को दर वेळी एकदा विचारायचा, "या वर्षी येता का सामन्याला?" बार्टुल दर वेळी होडीचं नाव पुढे करायचा. हळूहळू येर्कोनं विचारणं सोडलं.

आणि मग तो दिवस आला. नव्या देशाचा संघ, टीव्हीवर सामना, राखीव खेळाडूंत आमचा येर्को. सगळं गाव तेताच्या दुकानात कोंबलं होतं, टीव्ही खिडकीत ठेवला होता. बार्टुल मात्र सकाळीच होडी घेऊन समुद्रात गेला होता. शेवटी शेवटी येर्को मैदानात उतरला आणि त्यानं डाव्या पायानं असा गोल मारला की दुकानातल्या खुर्च्या मोडल्या. तेता रडत होती, चर्चची घंटा कुणीतरी वेड्यासारखी वाजवत होतं. माझ्या पोटात चेंडू आला नव्हता तरी मी थरथरत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बार्टुल माझ्याकडे आला. घंटेवरून गोल झाला हे त्याला कळलं होतं. पण त्यानं कुणाला काही विचारलं नव्हतं, विचारणं म्हणजे मागे वळून बघणंच. सवयीनं त्यानं माझ्यावरून बोटं फिरवायला सुरुवात केली. एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत. मग पुन्हा. माझी एकही गाठ तुटली नव्हती. तो गोल दूर कुठेतरी, दुसऱ्याच जाळीत पडला होता. बार्टुलला वाचायला काहीच नव्हतं. "कुठून मारला असेल गं?" त्यानं मला विचारलं. मला ठाऊक होतं, मी खिडकीतून बघितलं होतं. डावा पाय, वरचा कोपरा, बार्टुल! पण कशी सांगणार? मग त्यानं न वापरलेली सुई दोऱ्यात गुंडाळून खिशात घातली. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात वाईट दिवस होता.

त्यानंतर येर्कोचा गुडघा गेला. एकदा कापला, पुन्हा कापला. क्लबनं त्याला बाकावर बसवलं, मग बाकावरूनही उठवलं. काल खांद्यावर घेणारे आज फोन उचलत नव्हते. इकडे माझंही तेच झालं. शहरातून पांढऱ्या नायलॉनच्या नव्या जाळ्या आल्या, दोन्ही बाजूंना. मला खांबांवरून कापून कोपऱ्यात टाकलं. कुणीतरी म्हणालं, टोमॅटोच्या वाफ्यावर घाला हिला, पक्षी येणार नाहीत. इतकी वर्षं मी सेवा केली, आणि माझी लायकी टोमॅटोची! पण बार्टुल आला, त्यानं मला खांद्यावर टाकलं आणि घरी नेऊन तळखोलीत टांगलं. माझा जन्म झाला होता त्याच आढ्याला.

येर्को कायमचा गावी परतला तेव्हा तो लंगडत होता. आणि बार्टुलच्या डोळ्यांसमोर अंधार झाला होता. दिसेनासं होतंय हे त्यानं कुणाला कळू दिलं नाही आणि डॉक्टरकडे जायला उशीर झाला. दोघं एका घरात राहायचे, एका ताटलीतलं ऑलिव्ह खायचे आणि वारं फिरलं की नाही, एवढंच बोलायचे.

एका रविवारी दुपारी मैदानावरून पोरांचा आरडाओरडा येत होता. येर्को तळखोलीत वाइनची बाटली भरायला आला होता, मागून बार्टुल भिंत चाचपत उतरला आणि म्हणाला, "येर्को, आता मी येतो."

"कुठे?"

"तुझा खेळ बघायला. म्हणजे, बघायला नाही. आता दिसतच नाही, तर नजर कुठून लागणार? आता मी तिथे उभा राहिलो तरी तुझं काही बिघडणार नाही."

येर्कोच्या हातातली बाटली भरून वाहायला लागली. "नजर? कसली नजर?"

आणि मित्रांनो, जे कधी बोलायचं नसतं ते बार्टुल बोलला. जाळं, पाठ, कॅरोबचं झाड, पेनल्टी, सगळं. शेवटी म्हणाला, "मी गेलो आणि लगेच तू गोल मारलास. मग मी कसा येणार होतो, सांग ना? तुझं नुकसान झालं असतं."

येर्को ओरडला. इतका ओरडला की मी आढ्यावर हलले. "इतकी वर्षं! मला वाटत होतं तुम्हाला माझी लाज वाटते! प्रत्येक गोलनंतर मी मागे वळून लोकांत बघायचो, ताता. परदेशातसुद्धा! ठाऊक असायचं तुम्ही नाही, तरी बघायचो. आणि तुम्ही... माशांच्या त्या समजुतीपायी..." मग तो खाली बसला आणि बारा वर्षांच्या पोरासारखा रडला. बार्टुल हवेत हात फिरवत त्याचं डोकं शोधत होता.

"चल," बार्टुल म्हणाला. "एकच मार."

"माझा गुडघा गेलाय, ताता. मला धावता येत नाही."

"मग चालत मार."

पोरं घरी गेल्यावर येर्कोनं मला मैदानावर नेलं आणि नायलॉनच्या जाळीवरून मला बांधलं. सैल. विंका तेतानं खुर्ची आणून बार्टुलला माझ्या मागे बसवलं. त्यानं आपली बोटं माझ्या घरांत अडकवली. इतक्या घट्ट की मला त्याची नाडी लागत होती.

येर्को लंगडत आला. त्यानं मारलेला पहिला चेंडू बाहेर गेला. दुसरा मारताना गुडघा वाकला आणि तो धाडकन पडला. चेंडू मात्र निघाला. रांगत्या मुलासारखा, थांबत थांबत तो रेषेवरून आत आला आणि माझ्या पायाशी टेकला. माझा एक धागासुद्धा हलला नाही.

"आला का?" बार्टुलनं विचारलं. त्याला काहीच जाणवलं नव्हतं.

"आला, ताता." येर्को जमिनीवरून म्हणाला.

बार्टुलनं सगळीकडे बोटं फिरवली. एकही गाठ तुटलेली नाही, धागा ताणलेला नाही. "खरंच?"

"अरे, आला रे बाबा, मी बघते आहे ना!" तेता डोळे पुसत ओरडली. "तुझ्या पोराला अजून खोटारडा म्हणतोस का?"

"नाही गं," बार्टुल म्हणाला. "फक्त मला लागला नाही." आणि तो हसला, पण त्याची बोटं माझ्यावरून फिरतच राहिली, काहीतरी सापडेल म्हणून.

झाडांवरची ऑलिव्ह उतरवायच्या आधीच बार्टुल गेला.

मी आता येर्कोकडे, तळखोलीत आहे. उंदरांनी मला ठिकठिकाणी कुरतडलं आहे. येर्को सोमवारी खाली येतो, लाकडी सुई घेतो आणि मला शिवायला बसतो. पण बापाची गाठ त्याला कधी शिकायलाच मिळाली नाही. त्याला एकच गाठ येते, बुटाच्या नाडीची. तीच तो घालतो, नीट, मन लावून, फुलपाखरासारखी. आठवडाभरात ती आपोआप सुटते. पुढच्या सोमवारी तो पुन्हा घालतो.

म्हणून मित्रांनो, तुमच्याकडे एक मागणं आहे. आमच्यासारख्या जुन्या वस्तू टाकून देऊ नका, हे तर मी म्हणेनच. पण त्याआधी तुमच्या घरात जो माणूस फार बोलत नाही, त्याच्याजवळ आजच जाऊन बसा. त्याच्या हाताला काय येतं ते बघा, आणि म्हणा, "मला शिकवा ना." गाठ मारायला शिकताना दोघांचे हात एकाच दोऱ्यावर असतात. तेव्हा माणसं बोलतात. येर्कोचे हात माझ्यावर असतात तेव्हा दुसरे दोन हात नसतात, आणि मी कितीही सैल झाले, कितीही वाट बघितली, तरी ते आता येणार नाहीत.